देवाच्या रानाबाहेरची लाईन

वादळ येऊन गेलं की लोक आभाळाकडे बघतात. आम्ही लाईनची माणसं खाली बघत चालतो. आभाळात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आता माणूस मारणारी वस्तू गवतात पडलेली असते, ओली आणि गप्प. ती तार मेलेली आहे की जिवंत, हे नुसतं बघून कळत नाही. हात लावला की कळतं, पण मग ते सांगायला माणूस उरत नाही.

मी वायरमन म्हणून लागलो आणि प्रधान तंत्रज्ञ म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात हुद्द्याचं नाव लांबलं, खांब मात्र तेवढेच उंच राहिले. आता कसबा बावड्यात घरी असतो. गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला तरी माझंच दार वाजतं. ‘काका, तुमच्या ओळखीनं जरा लवकर येईल का बघा की!’ असं म्हणणारे शेजारी अजून आहेत. वीज ओळखीनं येते हा समज मी इतकी वर्षं नोकरी करून काढू शकलो नाही. त्यात माझाही थोडा दोष असेल, कारण ओळख नाही असं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

वादळातले फोन तर विचारूच नका. शाहूवाडीकडे असताना एक गृहस्थ मला सारखे फोन करायचे. ‘सगळ्या गावाचं राहू द्या, आमच्या घरापुरती तरी सोडा की!’ सबस्टेशनात प्रत्येक घराच्या नावाचं एकेक बटण असतं, अशी त्यांची पक्की खात्री. मी त्यांना शांतपणे समजावायचो. तिसऱ्या फोनला शांतपणा संपायचा आणि मी म्हणायचो, ‘तुमचं बटण सापडत नाही, शोधतोय.’ यावर ते म्हणायचे, ‘निवांत शोधा, मी धरतो लाईनवर.’ आणि खरंच धरून बसायचे.

म्हणून आधी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शहरात वीज एका वाटेनं बंद पडली तर दुसऱ्या वाटेनं फिरवून आणता येते. डोंगरातल्या गावाचं तसं नाही. सबस्टेशनातून एक लाईन निघते, तिला आम्ही फीडर म्हणतो. ती वाडीवाडीला वीज देत देत शेवटच्या गावापर्यंत जाते आणि तिथं संपते. मध्ये कुठंही एक फांदी पडली की पुढची सगळी गावं अंधारात. शेवटच्या गावाला तर सगळ्यांचीच पनवती भोगावी लागते.

दुसरी गोष्ट परमिटची. लाईनवर चढायच्या आधी आम्ही सबस्टेशनातल्या ऑपरेटरला सांगून ती बंद करून घेतो, आणि ती बंदी माझ्या नावावर होते. मग साहेब येवोत नाहीतर मंत्री येवोत, मी स्वतः माझ्या तोंडानं ‘माझी सगळी माणसं खाली उतरली, लाईन मोकळी आहे’ असं म्हटल्याशिवाय ऑपरेटर ती चालू करत नाही. या एका वाक्यावर आमची सगळी बिरादरी जगते. ज्यांनी हे वाक्य घाईनं म्हटलं, त्यांच्या साथीदारांच्या घरी मी भेटायला गेलेलो आहे. तिथून परत येताना माणूस बोलत नाही.

ज्या वादळाबद्दल मी लिहितोय ते अरबी समुद्रात उठलं होतं. टीव्हीवर त्याला नाव होतं, पण चंदगडात त्याला आजही ‘त्या सालचं वारं’ म्हणतात. समुद्र तिथून लांब, पण वारं घाट चढून आलं. पाऊस चंदगडला नवा नाही. तिथल्या माणसाला पाऊस पडला तर काही वाटत नाही, थांबला तर तो बाहेर येऊन बघतो. पण हे वारं वेगळं होतं. काजूच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या, खांब मधोमध मोडले, आणि आमच्या फीडरची अवस्था बघवत नव्हती.

आम्ही खालून वर गावं जोडत निघालो. मी, माझा जुना साथीदार मारुती आणि आणखी काही माणसं. एक गाव उजळलं की तिथं थांबून चहा प्यायचा नाही, हा माझा नियम. चहा प्यायला बसलं की पाय जड होतात आणि पुढचं गाव लांब वाटायला लागतं. मारुती म्हणायचा, ‘दादा, तुमच्यासंगं फिरायचं म्हंजे उपासच की!’ पण फिरायचा. असं करत करत शेवटचं गाव उरलं, धुईवाडी.

धुईवाडीच्या अलीकडे देवाचं रान आहे. देवराई म्हणतात ती. आत सातेरी देवीचं लहानसं देऊळ आणि चौफेर आजवर कुऱ्हाड न लागलेली झाडं. रस्ता त्या रानाला वळसा घालून गावात जातो. आमची लाईन मात्र सरळ रानातून जाते, नव्हे, तेव्हा जात होती. पूर्वी कधीतरी लाईन टाकताना रस्त्याच्या वळशानं जास्त खांब लागतील म्हणून ती आतून नेली. गावानं देवीला विचारून परवानगी दिली, पण अट घातली की फांदी तोडायची नाही. अट कबूल झाली आणि दर पावसाळ्यात एखादी फांदी लाईनवर टेकली की धुईवाडी अंधारात गेली. आम्ही म्हणायचो, गाव अडाणी आहे. गाव म्हणायचं, वीज बोर्ड कामचुकार आहे. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि वीज मधल्या मध्ये लटकलेली.

त्या वाऱ्यात रानातली दोन भलीमोठी झाडं लाईनवर पडली होती. खांब त्यांच्याखाली मोडून झोपले होते. झाडं कापली, खांब बदलले की काम झालं. दुपारपर्यंत उरकेल असा माझा हिशोब. कुऱ्हाडीची माणसं मागायला मी मानकऱ्यांच्या घरी गेलो.

मानकरी म्हणजे धोंडीआण्णा. रानाचा आणि देवीचा मान पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरात. देवीला कौल लावायचा, म्हणजे काही अवघड प्रश्न पडला तर तिला फुलं लावून विचारायचं, तो अधिकार त्यांचाच. वय झालेला, काटक, कमी बोलणारा माणूस. अंगणातच त्यांचा मुलगा म्हादबा भेटला. त्याचं तोंड बघूनच कळलं की या घरात नुसती लाईट गेलेली नाही.

आत धोंडीआण्णांच्या पत्नी, रुक्माक्का, भिंतीला उशा लावून बसल्या होत्या. कोरोनानं त्यांची फुफ्फुसं कायमची अधू केली होती. तेव्हापासून हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या यंत्राची नळी त्यांच्या नाकाला असायची, आणि ते यंत्र विजेवर. आता ते कोपऱ्यात बंद पडलं होतं. दूधसंस्थेच्या जनरेटरवर ते थोडे दिवस चाललं, मग आदल्या दिवशी जनरेटरही बसला. ओढ्यावरचा फरशीपूल पाण्याखाली, गाडी येईना. गावातल्या गड्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून सरकारी दवाखान्यातला एक सिलिंडर खांद्यावरून आणला होता. सध्या नळी त्याला जोडलेली. रुक्माक्कांना खांद्यावरून दवाखान्यात न्यावं तर डॉक्टर म्हणाले होते, वाटेतली दगदग सोसणार नाही. म्हणजे हा सिलिंडर संपायच्या आत लाईट यायला हवी. त्यापलीकडे कुणाकडे काही नव्हतं.

मी बाहेर येऊन धोंडीआण्णांना म्हणालो, ‘आण्णा, कुऱ्हाडीची माणसं द्या. झाडं बाजूला केली की लाईट देतो.’

‘झाडं देवीची हाईत.’

‘पडलेली आहेत, आण्णा.’

‘पडली म्हनून परकी झाली व्हय? हितं पडल्यालं हितंच कुजतंय. आमच्या आज्यापास्नं कुनी वाळकी काटकी बी उचलल्याली न्हाय.’

‘मग कौल लावा. देवीला विचारा. ती काय नको म्हणणार आहे का?’

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच तो मार्ग पटत होता. धोंडीआण्णा मात्र जागचे हलले नाहीत.

‘कौल इचारायचा मान माजा, आन् लाईट पायजे ती बी माज्याच घराला. न्हाय जमायचं. धोंड्यानं बायकूसाटनं देवीला फितवलं म्हनतील लोक.’

‘अवो आण्णा, कोन म्हननार हाय?’ गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

‘कुनी न्हाय म्हटलं तर मीच म्हनीन की!’

दुसऱ्या कुणी कौल लावायचा तर त्याला अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे तो लावत नाही. मला राग आला, चांगलाच आला. माझ्या घरात देव्हारा नाही, माझ्या जन्माआधीच आमच्या थोरल्यांनी तो उतरवून ठेवला. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या काळात अशा रानाच्या हद्दीत पाय टाकायची आमच्या माणसांची टाप नव्हती. असल्या रानासाठी एक बाई गुदमरावी हे माझ्या डोक्यात बसेना. मी तडक आत गेलो आणि रुक्माक्कांनाच म्हणालो, ‘अक्का, तुम्ही सांगा आण्णांना. तुमचं ऐकतील.’

त्या दोन-दोन शब्दांनी थांबत बोलायच्या. ‘माजं... ऐकत्यात,’ त्या म्हणाल्या. ‘म्हनून तर... न्हाय सांगत. कुऱ्हाड... नगो, बाबा.’

घरातली दोन्ही माणसं एकाच मापाची. मी बाहेर येऊन रस्त्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. रागातच उभा होतो. त्या वळणावर मोबाईलला रेंज यायची, तीही कशीबशी. समोर ते रान, त्याला वळसा घालणारा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पाणीयोजनेच्या कामासाठी ठेकेदारानं आणून टाकलेले सिमेंटचे नवे खांब. गवतात लोळत पडलेले. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मारुती माझ्याकडे.

‘दादा,’ मारुती म्हणाला, ‘तुमच्या डोक्यात काय आलंय त्ये मला कळलंय. त्यापरीस घरला जाऊया.’

झाडं तोडायची नाहीत ना? नाही तोडत. लाईनच रानाबाहेर काढायची. रस्त्याच्या कडेनं नवे खांब रोवायचे आणि तार तिकडून न्यायची. हे काम साध्या दिवसांत करायचं तर मोजणी, मंजुरी, क्रेन आणि महिनाभराची ये-जा. आमच्याकडे होती पहार, दोर आणि वैतागलेला मारुती.

मी आमच्या मॅडमना फोन लावला. आमच्या सेक्शनच्या इंजिनिअर. तीन फीडरची मोडतोड एकटीच्या डोक्यावर घेऊन त्या खाली बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

‘दादा, ते खांब दुसऱ्या कामाचे आहेत.’

‘माहीत आहे, मॅडम.’

मग त्या म्हणाल्या, ‘मंजुरीचं माझ्याकडे लागलं. एकही माणूस दुखावता कामा नये, ते तुमच्याकडे. आणि वळणाच्या खांबाला ताण घ्यायला विसरू नका, पाऊस पडून माती ढिली झाली असेल.’ खांब वाकू नये म्हणून बाहेरून तारेनं ओढून धरतात तो ताण मी खरंच विसरलो असतो. मॅडमनी तिकडे बसून बघितलं.

परत गावात जाऊन मी सांगितलं, ‘झाडाला हात लावत नाही. पण मग खड्डे तुम्ही मारायचे.’

यानंतर जे झालं ते मी उभ्या नोकरीत परत बघितलं नाही. गावात जितक्या पहारी होत्या तितक्या रस्त्यावर आल्या. तिथली जमीन म्हणजे जांभा दगड, पहारीचा दर घाव मनगटात येतो. एकानं दहा-बारा घाव मारायचे, मागं सरायचं, दुसऱ्यानं पुढं यायचं. बायका खोऱ्यांनी माती उपसत होत्या. क्रेन नसली की खांब कसा उभा करतात ते सांगतो. लाकडाच्या दोन बल्ल्या वरून बांधून कैची करायची, तिचा टेकू देत देत दोरांनी खांब वर ओढायचा, आणि एकानं ओरडायचं, बाकीच्यांनी जोर लावायचा. ओरडायचं काम म्हादबानं घेतलं. आवाज फुटेपर्यंत ओरडला. मध्येच पळत घरी जायचा, सिलिंडरचा काटा बघायचा, परत यायचा आणि आणखी मोठ्यानं ओरडायचा.

खांब मिळाले, पण तार कुठून आणायची? ती होती रानात, पडलेल्या झाडांखाली. फांदी न मोडता ती ओढून काढायची होती. आम्ही बूट काढत नाही, तो आमचा नियम. रानात पायताण चालत नाही, तो त्यांचा. म्हणून ठरलं की आम्ही बाहेर थांबायचं आणि गावच्या गड्यांनी अनवाणी आत जाऊन तार सोडवून आणायची. आत मोठ्यानं बोलायचं नाही, हाक मारायची नाही, हाही त्या रानाचा रिवाज. एवढी माणसं आत वावरत होती आणि बाहेर नुसता पानांचा आवाज.

परमिट माझ्या नावावर, तेव्हा आत किती आणि बाहेर किती हे मला कळायलाच हवं. मी बोट दाखवून मोजायला लागलो तर एक म्हातारी माझ्यावर खेकसली, ‘मानसं मोजू नगासा! दिष्ट लागती.’

‘बरं. मग चपला मोजतो.’

‘चपला मोजा की. चपलंला कसली दिष्ट?’

हद्दीच्या दगडापाशी आत जाणारा प्रत्येक जण पायताण काढून ठेवत होता. बाहेर येणारा घालून निघत होता. जितके जोड तिथं, तितकी माणसं आत. माझ्या कंपनीनं मला कितीतरी प्रशिक्षणांना पाठवलं, पण इतकी सोपी हजेरी कुणी शिकवली नव्हती. मी त्या म्हातारीला तसं सांगितलं. तिनं मला वेड्यात काढलं.

ती लाईन आजही रस्त्याच्या कडेनंच जाते. नंतरचे पावसाळे आले नि गेले, त्या टप्प्यात ती एकदाही पडली नाही, कारण तिच्यावर टेकायला फांदीच नाही. धुईवाडी म्हणते, देवीनं बोर्डाला शहाणपण शिकवलं. मी म्हणतो, लाईन पहिल्यापासूनच तिथून न्यायला हवी होती. एका वादळात, एका दिवसात, पहारींनी जे झालं, ते आम्ही इतकी वर्षं का केलं नाही, याची चुटपुट मात्र मला आहे. गावाला अडाणी म्हणण्यात आमचा वेळ बरा जात होता.

उन्हं कलायला आली तेव्हा शेवटची तार ओढून झाली. मारुतीनं वळणाचा ताण पक्का केला. आम्ही काम करताना लाईनला जमिनीशी जोडणारी साखळी अडकवतो, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून. तीही उतरवली. माझे सगळे लोक माझ्यासमोर उभे राहिले. मी ऑपरेटरला फोन लावला. तेवढ्यात म्हादबा घराकडून धावत आला.

‘काटा खाली टेकलाय, दादा! आईचं व्हट निळं पडल्यात. सोडा, लाईट सोडा!’

फोनवर ऑपरेटर विचारत होता, ‘दादा, परमिट परत करताय का? बोला.’

माझं लक्ष हद्दीच्या दगडाकडे गेलं. तिथं चपलांचा एक जोड होता.

जुन्या, झिजलेल्या, अंगठ्याला चामड्याचं ठिगळ लावलेल्या चपला. ‘या कुणाच्या?’ मी विचारलं. सगळ्यांच्या पायात पायताण होतं. मग म्हादबाच म्हणाला, ‘आण्णांच्या हाईत. पर त्ये घरला गेलं आस्तील अनवानीच. त्ये लई येळा अनवानी फिरत्यात. तुमी सोडा की!’

‘घरी बघितलंस?’

‘न्हाय... आवो पर आई मराय लागलीया!’

‘ऑपरेटर, थांब,’ मी फोनवर म्हणालो. ‘परमिट माझ्याकडेच आहे.’

म्हादबानं माझी गचांडी धरली. दोन्ही हातांनी. त्याचे डोळे अजून मला दिसतात. ‘चपला बगत बसलायसा? आई मेली तर तुमाला सोडनार न्हाय मी!’ गावातली माणसं मध्ये पडली, पण तीही माझ्याकडे त्याच नजरेनं बघत होती. मारुतीसुद्धा खाली बघत होता. मी घाबरलो होतो. तिकडे घरात ती बाई श्वासासाठी झगडतेय आणि मी एका चपलेच्या जोडासाठी अडून बसलोय, आण्णा घरी आडवे झालेले निघाले तर उरलेल्या आयुष्यात मी स्वतःला काय तोंड दाखवणार? तरी माझ्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडेना. पडू दिलं नाही म्हणा.

‘माझी गचांडी नंतर धर,’ मी म्हणालो. ‘आधी आत जाऊन बघ. जितक्या लवकर जाशील तितक्या लवकर सोडतो.’

त्यानं मला ढकललं, पायातल्या चपला भिरकावल्या आणि रानात घुसला. हाक मारता येत नव्हती. आम्ही रस्त्यावर उभे. फोन कानाला, पलीकडे ऑपरेटरचा श्वास ऐकू येतोय.

वळणापाशी झाडी हलली आणि म्हादबा दिसला. त्यानं बापाचा दंड धरला होता. धोंडीआण्णांच्या हातात तारेचं एक टोक होतं आणि उरलेली तार मागं झाडीत गुंतलेली. देवीच्या रानात बोर्डाची एक तारसुद्धा राहू द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी ‘राहू दे’ म्हणून सोडलेला तुकडा ते एकटेच ओढत बाहेर काढत होते, नेमके नव्या लाईनच्या खालून. अडकलेली तार हिसका मारून सुटली की उडते, चाबकासारखी. वरच्या तारेला नुसती लागली असती तरी पुरे होतं. मी लाईन चालू करायला सांगणार होतो तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत ती होती.

म्हादबाला ते सांगावं लागलं नाही. त्यानं वर बघितलं, तार बघितली आणि बापाच्या हातातून ती काढून घेतली. मारुतीनं पुढं होऊन ती रस्त्यापलीकडे नेऊन टाकली. आण्णांनी हद्दीच्या दगडापाशी येऊन चपला घातल्या. दगडाजवळ म्हादबाच्या तेवढ्या उलट्यापालट्या पडल्या होत्या, आणि म्हादबा माझ्यासमोर होता.

मी फोन तोंडाजवळ धरला. ‘सगळी माणसं खाली आहेत. साखळी काढली. लाईन मोकळी आहे. परमिट परत.’

‘चार्ज करतोय,’ ऑपरेटर म्हणाला.

अशी दुरुस्त केलेली लाईन पहिल्या झटक्याला धरेल याची खात्री कुणी देत नाही. पुष्कळदा धडाम् होऊन परत पडते. मी वळणाच्या खांबाकडे बघत राहिलो. काही झालं नाही. काही न होणं यासारखं सुख आमच्या धंद्यात दुसरं नाही. ‘धरली, दादा!’ ऑपरेटर ओरडला, आणि गावातून पोरांचा गलका उठला.

आम्ही सगळे पळत घरी गेलो. धोंडीआण्णा माझ्याही पुढे होते. कोपऱ्यातलं यंत्र घरघरत होतं, कुणीतरी नळी सिलिंडरवरून काढून त्याला जोडली होती. रुक्माक्का डोळे मिटून होत्या. त्यांच्या ओठांना रंग यायला जो वेळ लागला तेवढा वेळ त्या खोलीत कुणी हललं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि आधी नवऱ्याकडे बघितलं, चिखलानं भरलेल्या पायांपासून वरपर्यंत.

धोंडीआण्णा रडत होते, आणि त्यांना त्याचा राग येत होता. तो राग त्यांनी माझ्यावर काढला. ‘अगं, ह्यो पावना,’ ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘माज्या चपला बघून थांबला. तू हितं तडफडत हुतीस आन् ह्यो थांबला! म्हाताऱ्या मानसासाटनं!’

त्यांना तसं वाटणार होतं हे मला ठाऊक होतं. त्या जागी मी असतो तरी तेच म्हणालो असतो.

रुक्माक्कांनी हातानं मला जवळ बोलावलं. श्वास जुळवायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी तो घेतला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून घेतला असावा.

‘ब्येस केलंसा,’ त्या म्हणाल्या. ‘मी ऱ्हायले असते... आन् ह्ये गेलं असतं... तर ह्या मशीनचा वारा... मला गोड लागला असता व्हय?’

मग नवऱ्याकडे वळल्या.

‘आता बगत काय ऱ्हायलासा? पाय धुवा. आन् पावण्यास्नी च्या टाका.’

त्या दिवशी मी माझा नियम मोडला आणि चहा प्यायलो.